अशक्तपणातून उगवलेला भरवसा: वरोरा ते हेमलकसा

ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी वधस्तंभावरचा घायाळ देव आहे. जखमा होऊ शकतील असा देह धारण करून तो माणसांत आला, म्हणूनच त्याच्यावर भरवसा टाकता येतो, अशी ही धारणा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने अशक्तपणालाच सामर्थ्याचे ठिकाण मानले. या धारणेची खरी कसोटी कुष्ठसेवेत लागली. फादर डेमियन १८७३ साली हवाईच्या मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांमध्ये राहायला गेले. तोच रोग जडून १८८९ मध्ये ते वारले. अंबाल्यातील रुग्णांची दैना पाहिलेल्या वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी मिशन स्थापन केले. ब्रिटिश सरकारने मात्र १८९८ च्या कायद्याने निराधार रुग्णांना पकडून कोंडण्याची सोय केली.

जुन्या चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे ख्रिस्ती नव्हते आणि आनंदवन हे मिशन नव्हे. तरीही या धारणेचे इतके जवळचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण. पावसात पडलेला मरणासन्न कुष्ठरुग्ण पाहून बाबा भीतीने पळाले होते, आणि ही भीती त्यांनी कधी लपवली नाही. पुढे १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. कलकत्त्यात प्रशिक्षण घेताना त्यांनी कुष्ठजंतू टोचून घेण्यासाठी स्वतःचा देह पुढे केला. रोग जडला नाही. वैद्यकशास्त्राच्या हाती काही लागले नाही. पण ज्यांना कोणी शिवत नव्हते, त्यांच्या रोगाचा धोका एका धडधाकट माणसाने आपणहून पत्करला होता. रुग्णांचा विश्वास बसण्यासाठी औषधाइतकीच याचीही गरज होती.

१९५१ मध्ये खडकाळ माळावर आनंदवन सुरू झाले. झडलेल्या बोटांच्या हातांनी विहीर खोदली, भाजी पिकवली. सुरुवातीला ती गावात कोणी घेईना. परदेशी स्वयंसेवक रुग्णांच्या बरोबरीने राबू लागले, तेव्हा गावाची भीती ओसरू लागली. पुढे मणक्याच्या विकाराने बाबांना बसणे अशक्य झाले. १९८५ ची भारत जोडो यात्रा त्यांनी आडवे पडूनच केली.

आजच्या गडचिरोलीत, भामरागडजवळ हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथले माडिया आदिवासी परक्यांपासून दूरच राहत. बाबांचे पुत्र प्रकाश आणि सून मंदाकिनी आमटे हे डॉक्टर दांपत्य त्यांची भाषा शिकले आणि विजेविना, जंगलातल्या झोपडीत राहिले. बरे होऊन परतलेल्यांची खबर पाड्यापाड्यांत पोहोचली, तसे रुग्ण मैलोन्‌मैल चालत येऊ लागले.