कोयनेलपासून कॅमेऱ्यापर्यंत

लग्नाचा मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा आणि त्याआधी प्रवरेच्या काठावर नवरा-नवरीचे फोटो हवेत. कोल्हारच्या फोटोग्राफरला लग्नसराईत भर उन्हातच उभं राहावं लागतं. नवरीचा चेहरा स्पष्ट आणि मागचा काठ धूसर हवा, तर लेन्स एफ २ पर्यंत उघडायची. मग आयएसओ १०० ठेवूनही शटर १/८००० वर न्यावं लागतं. डोळ्यांखालच्या सावल्या उजळायला फ्लॅश लावला, की साधारण १/२५० च्या पुढे जाता येत नाही. हाय-स्पीड सिंकची सोय आहे, पण तिच्यात फ्लॅशची ताकद घटते. १/२५० वर फोटो पांढराफटक जळतो. जास्तीचा प्रकाश पाच स्टॉपचा, म्हणजे ३२ पट. तो अडवायला व्हेरिएबल एनडी फिल्टर लावतात. कडी फिरवली की दृश्य गडद होत जातं.

यात काळी काच नसतेच. एकापुढे एक बसवलेले दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे पडदे, असतात आणि त्यांचं कूळ दगडातून निघालं आहे.

आइसलँडच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत पारदर्शक कॅल्साइट सापडतं. त्यातून पाहिलं की प्रत्येक वस्तू दोन दिसते, हे डेन्मार्कच्या इरास्मस बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये लिहून ठेवलं. आपलं दख्खनही बेसॉल्टचंच. कोल्हारजवळच्या राहुरीला, मोमीन आखाड्याच्या खाणीत, याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून निघालेले स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत.

१८०८ मध्ये पॅरिसला एत्येन-लुई मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवरून परतणारं मावळतीचं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिलं. स्फटिक फिरवला तशा दोन प्रतिमा आळीपाळीने मंद होत गेल्या. परावर्तित प्रकाशाची कंपनं एका दिशेला झुकलेली असतात, हे त्यातून उमगलं. पाठोपाठ त्यांनी नियम मांडला: दोन पोलरायझरमधल्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाइतका प्रकाश पार होतो. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत प्लेग सोसलेला हा लष्करी अभियंता १८१२ मध्ये अवघ्या ३६ व्या वर्षी गेला.

पण मोठे, निर्दोष स्फटिक दुर्मिळ. पुढची वाट कोयनेलने, म्हणजे क्विनीनने, दाखवली. १८५२ मध्ये ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापथ यांनी क्विनीन आणि आयोडिनच्या स्फटिकांचा शोध जाहीर केला. क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडिन पडलं आणि त्यांच्या विद्यार्थ्याला हिरवे, सुईसारखे कण दिसले. हे कण प्रकाशाला पोलराइझ करत, पण इवलेसे होते आणि हात लावताच तुटत.

हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलेल्या एडविन लँड यांना मला या साऱ्या घराण्यात सर्वांत मोठा मान द्यावासा वाटतो. मोठा स्फटिक वाढवण्याचा हट्ट त्यांनी सोडला. असंख्य बारीक स्फटिक एका दिशेने लावून पातळ पडद्यात बसवले आणि १९२९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. मोटारींच्या दिव्यांची तिरीप घालवावी, ही त्यांची मूळ तळमळ. १९३४ मध्ये कोडॅकने कॅमेऱ्याच्या फिल्टरसाठी हा पडदा घेतला. १९३८ मध्ये लँड यांनी स्फटिकही वगळले: प्लास्टिकचा पडदा ताणला, की त्यातले लांब रेणू तिफणीने पेरलेल्या ओळींसारखे सरळ होतात, आणि आयोडिन त्या ओळींत बसतं. आजच्या फिल्टरमध्ये आणि मोबाइलच्या एलसीडी पडद्यातही हीच जात आहे.

छायाचित्रकारांसाठी दोन पोलरायझर एका कडीत आणणारा सिंग-रे या अमेरिकी कंपनीचा व्हॅरी-एनडी या शतकाच्या पहिल्या दशकात नावारूपाला आला. २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क टू व्हिडिओ घेऊ लागला. व्हिडिओत शटर १/५० च्या आसपास बांधलेलं, त्यामुळे मागणी वाढली आणि लग्नाच्या व्हिडिओवाल्यांमार्फत हा फिल्टर गावोगाव पोचला.

मालुस यांचा नियम कडी फिरवताना बोटांना जाणवतो. पहिला स्टॉप कमी व्हायला ४५ अंश लागतात, दुसरा ६० वर, पाचवा जवळपास ८० वर. शेवटच्या दहा अंशांत मात्र सगळं एकदम काळवंडतं, रंगही बिघडतो. रुंद लेन्सवर तिथेच काळी फुली उमटते, कारण कडेचे किरण तिरपे येतात. ८५ मिमीच्या पोर्ट्रेट लेन्सला तिचा त्रास फारसा होत नाही.

चेहऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्वचेवरची तकाकी परावर्तित, म्हणून अंशतः पोलराइझ झालेली असते. पुढची कडी फिरली की उजेडाबरोबर ती तकाकीही कमी-जास्त होते. घामाची चमक गेली तर बरं, पण गालाची गोलाईही त्या चमकेतूनच दिसते. ती पुसली की हळद लागलेला चेहरा सपाट, निस्तेज दिसतो. पैठणीच्या रेशमाची झळाळीही मंदावते. एकाच नवरीचे दोन फोटो वेगळे येतात, ते यामुळे.

म्हणून ऊन स्थिर असेल आणि फक्त फोटोच काढायचे असतील, तर पाच स्टॉपची साधी एनडी काच लावा. ती तकाकीला हात लावत नाही. ढगांची ये-जा असेल किंवा व्हिडिओ घ्यायचा असेल, तेव्हा व्हेरिएबल घ्या, पण दोन्ही टोकांना कडी अडते असाच. कडी गाल बघून फिरवा आणि उरलेला हिशेब आयएसओवर सोडा.