शेततळ्यातील कार्प माशांना रिमोट बोटीने खाद्य कसे द्यावे?

शेततळ्यातील मत्स्यपालनात चालू खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो. काठावर उभे राहून मुठीने फेकलेले खाद्य मात्र काही मीटरपलीकडे जात नाही. मोठे, चपळ मासे काठाशी गर्दी करून खाद्य संपवतात. लहान मासे मागे राहतात आणि काढणीच्या वेळी माशांच्या वजनात मोठी तफावत दिसते.

दुसरा प्रश्न जिवाचा आहे. प्लॅस्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्याचा उतार शेवाळामुळे निसरडा होतो. पाय घसरून आत गेलेल्या माणसाला, त्याला पोहता येत असले तरी, कागदावरून वर चढता येत नाही. त्यामुळे खाद्य दूरवर टाकण्यासाठी उतारावर उतरणे किंवा ट्यूबवर बसून तळ्यात जाणे धोक्याचे आहे. रिमोटवर चालणारी छोटी बोट या दोन्ही अडचणींवर काही प्रमाणात उपाय ठरते. तिच्या मर्यादा मात्र खरेदीपूर्वीच समजून घ्याव्यात.

बेट बोट म्हणजे काय?

युरोपात गळाने कार्प मासे पकडणारे हौशी मासेमार ही बोट वापरतात. काठापासून दूर ठरावीक जागी आमिष नेऊन टाकणे हे तिचे मूळ काम. बाजारात ती ‘बेट बोट’ या नावाने मिळते. तिचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे :

- सांगाडा : प्लॅस्टिकचा, बहुधा दोन पट्ट्यांवर तरंगणारा, त्यामुळे बोट सहसा उलटत नाही.
- मोटार : बहुतेक बोटींना दोन. दोन्हींचा वेग कमी-जास्त करून बोट वळते.
- खाद्याचा कप्पा (हॉपर) : रिमोटचे बटण दाबताच तळाचे झाकण उघडून खाद्य पाण्यात पडते. काही बोटींना दोन स्वतंत्र कप्पे असतात.
- बॅटरी : लिथियम किंवा लेड-ॲसिड प्रकारची.
- जीपीएस व खोली दाखवणारे यंत्र : महागड्या बोटींत असते. लहान शेततळ्यात त्याची गरज नाही.

गळाच्या मासेमारीत सगळे आमिष एकाच जागी पडावे लागते. मत्स्यपालनात नेमके उलट हवे असते. खाद्य जास्तीत जास्त जागेत विभागून पडले पाहिजे. म्हणून बोट तीच असली तरी वापरण्याची पद्धत बदलावी लागते.

आपल्या तळ्याला बोट परवडेल का?

आधी रोजच्या खाद्याचा हिशेब करावा. उदाहरणार्थ, ३० × ३० मीटर आकाराच्या शेततळ्यात कटला, रोहू व मृगळ मिळून ७०० बोटुकली सोडली आहे.

- जगलेले मासे (८० टक्के) : ५६०
- सरासरी वजन : ३०० ग्रॅम
- एकूण वजन : ५६० × ०.३ = १६८ किलो
- रोजचे खाद्य (वजनाच्या २ टक्के) : सुमारे ३.४ किलो
- दोन वेळांत विभागून : प्रत्येक वेळी १.७ किलो

एवढे खाद्य बोटीच्या दोन-तीन फेऱ्यांत टाकून होते. मात्र एक एकराच्या तळ्यात २,४०० मासे सरासरी ४०० ग्रॅमचे असतील, तर एकूण वजन ९६० किलो आणि रोजचे खाद्य सुमारे १९ किलो होते. एका वेळी साडेनऊ किलो खाद्य लहान कप्प्यातून टाकायला फार फेऱ्या माराव्या लागतात. अशा तळ्यात ठरावीक जागी खाद्याच्या पिशव्या बांधणे, स्वयंचलित खाद्ययंत्र लावणे किंवा साधी होडी वापरणे सोयीचे ठरते.

खरेदी करताना कप्प्याची क्षमता किलोत सांगितली जाते. ती आमिषाच्या जड मिश्रणासाठी असते. तरंगते खाद्य हलके असते व जास्त जागा व्यापते, त्यामुळे सांगितलेल्या क्षमतेपेक्षा बरेच कमी बसते. आपले खाद्य सोबत नेऊन कप्पा भरून पाहावा, त्याचे वजन करावे आणि मगच निर्णय घ्यावा.

खाद्य किती द्यावे?

बोटुकलीला सुरुवातीला वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत खाद्य द्यावे. मासे वाढतील तसे प्रमाण कमी करत ३ टक्के आणि पुढे २ ते १.५ टक्क्यांवर आणावे. दर १५ दिवसांनी फेकजाळ्याने काही मासे पकडून सरासरी वजन काढावे व खाद्याचे प्रमाण बदलावे. वरच्या उदाहरणात रोज फक्त १० टक्के जादा खाद्य पडले, तरी महिन्याला १० किलो खाद्य वाया जाते. ते तळाशी सडून अमोनिया वाढवते आणि पाण्यातील प्राणवायू कमी करते. म्हणजे नुकसान दुहेरी होते.

बोटीने खाद्य देण्याची पद्धत

१. खाद्य रोज मोजूनच कप्प्यात भरावे. अंदाजाने भरू नये.

२. वेळ ठरलेली असावी. सकाळी ९ ते १० आणि दुपारी ४ ते ५ या वेळा योग्य. पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो, म्हणून ऊन चढण्यापूर्वी खाद्य देऊ नये.

३. वाऱ्याची दिशा पाहावी. तरंगते खाद्य वाऱ्यासोबत वाहत जाऊन काठाला लागते. म्हणून वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला खाद्य सोडावे.

४. कप्पा एकाच जागी रिकामा करू नये. बोट सावकाश पुढे जात असताना झाकण उघडावे, म्हणजे खाद्याचा पट्टा पडतो. दोन कप्पे असल्यास ते वेगवेगळ्या ठिकाणी उघडावेत. पुढील फेरी दुसऱ्या भागात न्यावी.

५. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी खातो. फक्त तरंगते खाद्य दिल्यास मृगळ मागे पडू शकतो. अशा वेळी खाद्याचा काही भाग बुडणाऱ्या गोळीच्या स्वरूपात द्यावा.

६. भाताचा कोंडा व शेंगदाणा पेंडीचे ओले गोळे कप्प्यात चिकटतात. कोरडा कोंडा वाऱ्याने उडतो. हे मिश्रण पिशवी पद्धतीने किंवा ट्रेमध्येच द्यावे.

७. तरंगते खाद्य २० ते ३० मिनिटांत संपते का ते पाहावे. बुडणाऱ्या खाद्यासाठी दोरीने सोडलेला तपासणी ट्रे दोन तासांनी वर काढावा. खाद्य उरले असल्यास पुढील वेळी प्रमाण कमी करावे.

खाद्य केव्हा बंद ठेवावे?

- मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेत असतील तर. अशा वेळी एरेटर सुरू करावा किंवा ताजे पाणी सोडावे.
- सतत ढगाळ हवामान व जोरदार पाऊस असताना.
- पाणी गडद हिरवे झाले असेल तर.
- थंडीत पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसखाली गेल्यास प्रमाण निम्म्यावर आणावे. मासे खातच नसतील तर थांबवावे.

बोटीमुळे खाद्य टाकणे सोपे होते. त्यामुळेच ‘अजून एक फेरी’ मारण्याचा मोह होतो. तो टाळावा.

बोट तळ्यात अडकली तर

शेवाळ किंवा दोरीत प्रोपेलर गुंतणे, बॅटरी संपणे, रिमोटचा संपर्क तुटणे हे प्रकार कधीतरी होणारच. बोट काढण्यासाठी कोणत्याही परिस्थितीत तळ्यात उतरू नये. लहान तळ्यात बंद पडलेली बोट बहुतेक वेळा वाऱ्याने काही तासांत काठाला लागते. थांबणे शक्य नसेल, तर दोन माणसांनी समोरासमोरच्या काठांवरून लांब दोरी धरून ती पाण्यावरून ओढत आणावी.

त्याआधी पुढील तयारी असावी :

- तळ्याला कुंपण व बंद होणारे फाटक.
- चारही बाजूंच्या उतारावर गाठी मारलेला, वर खुंटीला बांधलेला दोर.
- काठावर हवा भरलेली ट्यूब.
- लहान मुलांच्या हाती रिमोट देऊ नये. बोटीमागे मुले काठावर धावतात.

देखभाल

- सुरू करताना आधी रिमोट, मग बोट सुरू करावी. बंद करताना आधी बोट, मग रिमोट बंद करावा.
- नवी बोट दोरी बांधून काठाशी चालवावी आणि रिमोट बंद करून पाहावा. मोटार आपोआप थांबली पाहिजे.
- प्रोपेलरला जाळीचे आवरण असावे. उघड्या पात्याने किंवा टोकदार कडेने कागद फाटू शकतो. बोटीच्या पुढच्या भागाला रबर लावावे.
- पक्ष्यांसाठी बांधलेल्या दोऱ्या व एरेटरच्या केबलपासून बोट दूर ठेवावी.
- वापरानंतर कप्पा धुऊन कोरडा करावा. ओल्या कप्प्यात खाद्याला बुरशी येते.
- लिथियम बॅटरी उन्हात किंवा ओली असताना चार्ज करू नये.
- कळीचा चुना कप्प्यात भरू नये. ओलाव्याने तो तापतो व भाग खराब होतात.
- एकाच बोटीचा वापर दोन तळ्यांत होत असल्यास मधल्या काळात ती धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावी. ओल्या साहित्यासोबत माशांच्या उवा व रोग एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

धरण व तलावांत वापरताना

धरण जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्था किंवा ठेकेदाराकडे असतात. तेथे बोटीने आमिष टाकून मासे पकडण्यापूर्वी हक्कदाराची परवानगी घ्यावी. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात याची माहिती मिळते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गटातील शेतकऱ्यांची तळी जवळजवळ असल्यास एक बोट सामायिक वापरता येते. मात्र खाद्याची वेळ सर्वांची एकच असते, त्यामुळे एका बोटीवर दोन-तीनपेक्षा जास्त तळी देऊ नयेत. प्रात्यक्षिक घेताना बोट चालवण्याआधी माशांचे वजन काढणे, खाद्याचा हिशेब करणे आणि काठावरचे दोर तपासणे या तीन गोष्टी शेतकऱ्यांकडून करून घ्याव्यात. ज्या तळ्यावर सुरक्षा दोर नाहीत, तेथे बोटीऐवजी पहिला खर्च दोरावर करण्याचा सल्ला द्यावा.