‘चाहते’ म्हणजे नेमके कोण?
संशोधन आराखड्यात ‘चाहत्यांनी विरोध केला’ असं लिहिताय? जरा थांबा. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड क्लब बराचसा कर्ज काढून घेतला आणि त्या कर्जाचा मोठा भार क्लबवरच टाकला. हे मालक नकोत, यावर चाहत्यांचं बऱ्यापैकी एकमत होतं. वाद होता तो ‘मग करायचं काय?’ यावर. काहींनी मैदान सोडलं आणि त्याच वर्षी सभासदांच्या मालकीचा ‘एफसी युनायटेड’ काढला. काही तिकीट काढून आतच बसले. २०१० मध्ये त्यांनी न्यूटन हीथ या मूळ क्लबच्या हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर गळ्यात घातले. पहिल्यांचे ठराव सापडतील, दुसऱ्यांचे फोटो. पण जो गुपचूप घरी बसला, त्याची नोंद कुठे शोधाल? तुमचा संशोधन-प्रश्न तिथूनच सुरू होतो.