विसरण्याच्या नियमाला अपवाद

बिदर जिल्ह्यातील दुबलगुंडी गावी एखाद्या घरी तांब्याभर पाण्यात गुळाचा खडा टाकला, तर काही वेळाने तो नेमका कोठे पडला होता, हे त्या पाण्यावरून सांगता यावयाचे नाही. आरंभ विसरून समतोलास पोहोचणे, हा असंख्य कणांच्या समुदायाचा स्वभावच होय. पुंजयामिकीच्या सूक्ष्म जगातही सामान्यतः असेच का घडते, याची मीमांसा ड्यूश यांनी १९९१ साली आणि स्रेडनिकी यांनी १९९४ साली केली.

अशा समुदायाचे गणित मात्र फार बिकट. ५० कण घेतले आणि प्रत्येकाच्या दोनच अवस्था धरल्या, तरी त्यांच्या मांडण्या ११ कोटी कोटींहून अधिक होतात. म्हणूनच ज्या थोड्या अवस्था तंतोतंत लिहिता येतात, त्यांचे मोल मोठे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंचलकुमार मजुमदार व दीपन घोष यांनी १९६९ साली अशीच एक साखळी सोडविली. चुंबकी कणांवर लगतच्या शेजाऱ्याचा जेवढा प्रभाव, त्याच्या निम्मा पलीकडच्याचा असेल, तर नीचतम ऊर्जेला हे कण दोन-दोनांच्या जोड्या बांधतात, असे त्यांनी दाखविले. जोड्यांच्या तशाच कल्पनेवर अफ्लेक, केनेडी, लीब व तासाकी यांनी १९८७ साली दुसरी साखळी रचली.

पुढे २०१७ साली हार्वर्ड येथे ५१ रुबिडियम अणूंची रांग मांडण्यात आली. एकाआड एक अणू उत्तेजित केले असता ती रचना लवकर विरून न जाता पुनःपुन्हा परतू लागली! २०१८ साली या हट्टी अवस्थांना ‘व्रण’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी संजय मौद्गल्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या साखळीत तशा अवस्थांची एक संपूर्ण मालिकाच गणिताने हाती दिली.

या मालिकेचे मर्म कोणाही तबलजीला सहज उमगेल. एकपट, दुप्पट, तिप्पट आणि चौपट लयींत वाजविणारे चौघे समेवर नेमके एकत्र येतात. लयींचे प्रमाण वेडेवाकडे असेल, तर त्यांची गाठ पडत नाही. व्रणांच्या ऊर्जा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे सारख्या अंतरावर असतात. म्हणून त्यांच्यापासून घडविलेली स्थिती ठराविक काळाने मूळ रूपात येते. हार्वर्डच्या रांगेत ही अंतरे केवळ जवळजवळ सारखी असल्यामुळे तेथील आवर्तने हळूहळू मंदावतात.

असंख्य अवस्थांत असे अपवाद मूठभरच आहेत. परंतु पुंजसंगणकात भरलेली माहिती विरघळू न देणे, हा आज संशोधकांपुढील मोठा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार करताना या मूठभर अवस्थांकडे त्यांचे लक्ष लागलेले असते.