रंगाचा हिशेब

पणतीचा उजेड तेलवातीचा. पण आकाशकंदिलाभोवती जी तांबडी-निळी माळ लुकलुकते, तिच्या उजेडाचे कुळ निराळे आहे. मी भाईंदरजवळच्या डोंगरीचा, मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पदार्थविज्ञानाचा पंडित नव्हे. तरीही या माळेची हकीगत आपल्या मुंबई-पुण्यापर्यंत येऊन पोहोचते, म्हणून सांगावीशी वाटते.

सोनार सोन्यात तांबे मिसळतो तेव्हा रंग पालटतो. येथेही मिश्रणाचाच महिमा आहे. काही पदार्थ विजेला पुरती वाट देत नाहीत, पुरती अडवीतही नाहीत; त्यांना अर्धवाहक म्हणतात. त्यांतील इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खाली उतरताना जी शक्ती टाकतो, तोच उजेड. पायरी जितकी उंच, तितका रंग निळ्याकडे झुकतो. गॅलियम आर्सेनाइडची पायरी ठेंगणी, त्यामुळे त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. त्यात गॅलियम फॉस्फाइड मिसळून १९६२ साली निक होलोन्याक या अमेरिकन संशोधकाने तांबडा दिवा लावला.

पण प्रमाण किती घ्यावे? निम्मे-निम्मे घेतले म्हणजे पायरी बरोबर मधली येते, असे नाही. बहुधा ती थोडी कमीच भरते. भट्टी पेटविण्याआधी हिशेब झाला तर किती खटाटोप वाचेल! १९६४-६५ साली वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशी रीत घालून दिली: एकेका इलेक्ट्रॉनामागे न धावता साऱ्यांच्या दाटीवरून गणित मांडायचे. मात्र ते हाताने करू म्हटले तर जन्म पुरणार नाही. त्याला यंत्रच हवे.

यंत्राची विद्या आपल्याकडे तेव्हा रुजू लागली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक चालू केला. त्यात निर्वात नळ्याच सुमारे २,७०० होत्या! पुढे १९८०नंतरच्या दशकात भारताला हवा होता तो बलाढ्य संगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' संस्था निघाली, आणि वऱ्हाडातून आलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. मागितलेले यंत्र मिळाले असते, तर यंत्र आले असते. ते घडविण्याची विद्या आली असती का?

आज पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' महासंगणक आहे. अशा यंत्रांवर कितीतरी मिश्रणे भट्टीआधीच पारखता येतात. अर्थात गणित म्हणजे वेदवाक्य नव्हे. साधी रीत वापरली तर पायरी खऱ्यापेक्षा ठेंगणी निघते. म्हणून अखेरीस प्रयोगशाळेत माप घ्यावेच लागते.

यंदा माळ लावताना मुलांनी विचारले, "हा रंग कुठून आला?" तर दुकानातून, एवढेच सांगून थांबू नका.