'फिलोसोफोस': बिरुद की टोमणा?

तत्त्वज्ञान शिकवताना पहिल्या तासाला मी वर्षानुवर्षे एक गोष्ट सांगत आलो. फ्लिऊस नगरीच्या लिओन राजाने पायथागोरसला विचारले, "आपली विद्या कोणती?" तो म्हणाला, "विद्या कुठलीच नाही. मी केवळ 'फिलोसोफोस', ज्ञानाचा प्रेमी. जत्रेत कोणी मुकुट जिंकायला येतो, कोणी विक्रीला, तर काही जण नुसते पाहायला. मी त्या पाहणाऱ्यांतला."

गोष्ट गोड आहे, पण खरी असावी असे मला आता वाटत नाही. ती सांगतो सिसेरो, इ.स.पू. 45च्या सुमारास, म्हणजे पायथागोरसनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी. त्याने हवाला दिला आहे तो हेराक्लिडीसचा, आणि हा हेराक्लिडीस प्लेटोच्या वर्तुळातला. देव ज्ञानीच असल्यामुळे ज्ञानाचा शोध घेत नाहीत, हा विचार प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये आहे. शिष्याने गुरूचा विनय पायथागोरसच्या तोंडी घातला, असे वॉल्टर बुर्कर्ट यांनी 1960 साली मांडले. मला ते पटते.

मग मूळ अर्थ कोणता? 'सोफोस' म्हणजे आधी कसबी माणूस. 'इलियड'मध्ये 'सोफिया' आहे ती सुताराची. पुढे ग्रीकांनी सोलोनसारख्या सात ज्ञानी पुरुषांना 'सोफोई' म्हटले. त्यांची नक्कल करू पाहणाऱ्यांना चिडवण्यासाठी 'फिलोसोफोस' हा शब्द निघाला, असे ख्रिस्तोफर मूर यांचे 2019चे प्रतिपादन आहे. ते मी अर्धेच मानतो. कारण हेरोडोटसच्या ग्रंथात क्रोएसस राजा सोलोनच्या देशाटनासाठी याच शब्दापासून बनलेले क्रियापद वापरतो, आणि तिथे टोमणा नाही, कौतुक आहे.

टोमणा मात्र शब्दाच्या नशिबी पुन्हा आलाच. अरबीत तो 'फैलसूफ' झाला, आणि उर्दू-हिंदीत पोचेपर्यंत त्याला धूर्त, उधळ्या असे अर्थ चिकटले.

मराठीत आपण 'तत्त्वज्ञ' म्हणतो. तत्त्व जाणणारा. म्हणजे ग्रीक शब्द जो दावा नाकारतो, नेमका तोच आपण पदरात टाकतो! ज्ञा धातूला इच्छार्थक रूप देऊन घडलेला 'जिज्ञासू' त्याला कितीतरी जवळचा. ब्रह्मसूत्रांचा आरंभही जिज्ञासेनेच होतो.

पायथागोरसची गोष्ट मी आजही सांगतो. फक्त ती संपल्यावर विचारतो, "हे तुम्हाला कोणी सांगितले?" खरा तास तिथून सुरू होतो.