पडद्यावरची नांगरट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुना कृष्णधवल टीव्ही बंद केला, की चित्र आक्रसत जाई आणि पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरे. क्षणभर तो लुकलुके आणि विझे. आम्हा मुलांना त्याची मोठी गंमत वाटायची. पण मंडळी, त्या टीव्हीचे सारे गुपित त्या ठिपक्यातच होते. पडद्यावर अख्खे चित्र एका वेळी कधी उमटतच नसे. असे तो फक्त एक धावता ठिपका!

त्या पडद्यामागे हवा काढून टाकलेली मोठी काचेची नळी असे. तिच्या निमुळत्या टोकाशी तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटत. हजारो व्होल्टच्या दाबाने ते पडद्याकडे झेपावत. पडद्याला आतून लावलेल्या लेपावर ते जिथे आदळत, तिथे उजेड पडे. मानेभोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांतले चुंबकत्व हा झोत डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ खाली उतरवत फिरवी. चित्रात उजेड हवा तिथे झोत जोरकस, काळोख हवा तिथे क्षीण. आपल्याकडच्या ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे १५,६२५ रेषा होत. आधी विषम रेषा, मग सम. आधीचा उजेड डोळ्यांतून जाण्यापूर्वी पुढचा येई आणि आपल्याला सलग चित्र दिसे.

अशी नळी जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्येच बनवली होती. पण तिच्यापर्यंत दूरचे चित्र पोहोचवायचे कसे? लंडनमध्ये जॉन बेअर्ड यांनी १९२६ मध्ये भोके पाडलेली तबकडी फिरवून चित्र दाखवले, पण ते फारच अंधुक होते. तबकडी फिरून फिरून किती वेगाने फिरणार?

याचे उत्तर अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाला आधीच सुचले होते. फायलो फार्न्सवर्थ त्याचे नाव. १९२१ मध्ये, चौदाव्या वर्षी, बटाट्याचे शेत नांगरताना त्याने मागे वळून पाहिले. एकाला एक लागून पडलेले तास दिसले आणि त्याच्या मनात आले, इलेक्ट्रॉनच्या झोतानेही चित्र असेच ओळीओळीने वाचता आणि रेखता येईल! पुढच्या वर्षी त्याने शाळेतले शिक्षक जस्टिन टोलमन यांना फळ्यावर आकृती काढून ही कल्पना समजावली. ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, एकविसाव्या वर्षी, त्याने फिरत्या तबकडीशिवाय पहिले चित्र पाठवले. चित्र कसले, एक साधी रेघ!

मग आरसीए ही बलाढ्य कंपनी पुढे सरसावली. आपले संशोधक व्लादिमीर झ्वोरिकिन यांनी १९२३ मध्येच अर्ज केला होता, म्हणून कॅमेऱ्याच्या नळीचा शोध त्यांचाच, असा तिचा दावा होता. या वादात टोलमन सर आपल्या विद्यार्थ्यासाठी साक्षीला उभे राहिले आणि वर्गातली ती आकृती त्यांनी पुन्हा काढून दाखवली. १९३४ मध्ये निकाल फार्न्सवर्थ यांच्या बाजूने लागला. १९३९ मध्ये आरसीएला त्यांच्या शोधांच्या वापरासाठी पैसे मोजायला कबूल व्हावे लागले. पण लवकरच युद्ध आले, अमेरिकेत टीव्ही संच बनणे थांबले आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत मुख्य पेटंटची मुदत सरत आली. निकाल हाती आला, वेळ मात्र निघून गेली.

फार्न्सवर्थ १९७१ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने बसून आपण ती नांगरट पाहू लागलो. नांगरणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक होते?

आता ते डबे घराघरांतून गेले. नव्या चपट्या पडद्यांत झोत नाही, नळी नाही. पण चित्र आजही भरले जाते, ते ओळीओळीनेच.